कुंपणाबाहेरचा कोच

३ डिसेंबर

मुख्य कोच धर्मेंद्र सरांनी आज आम्हा सगळ्या कोचना एकेक टॅब दिला. सराव संपला की त्यात रोज भरायचं: कोण किती धावलं, कोणाचे किती पास चुकले, उद्या काय करायचं. राग कुठे लिहायचा याचा रकाना त्यात नाही, म्हणून ही वही आणली. ही कोणी तपासणार नाही.

तर पहिल्या पानावर हे असू दे: मी निंबा, वय त्रेपन्न, मूळ गाव पारोळ्याजवळ, तीस वर्षं सुरतेच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवला, आणि आजपासून नव्या हॉकी लीगमधल्या सुरतच्या संघाचा, एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा सहायक कोच. चौदा वर्षं नवागामच्या मुरमाच्या मैदानावर मी हेच करत होतो, तेव्हा आमच्या गल्लीत मला रिकामटेकडा म्हणायचे. आता तेच लोक विचारतात, आमच्या पोरीचं बघा की जरा.

शिबिरात सव्वीस मुली आहेत. पंधरा फेब्रुवारीला निवडीचा सामना, त्यानंतर सोळा जणींना दोन वर्षांचा करार. तीन माझ्या आहेत. वैशाली मधल्या फळीत, ती कॅप्टनही आहे. प्रिया पेनल्टी कॉर्नर मारते. पल्लवी गोलकीपर. तिघींना करार मिळवून दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही, मग कोणाला काय वाटायचं ते वाटो.

९ डिसेंबर

आज कानात घालायचं यंत्र दिलं. वर मचाणावर किसन कॅमेरा आणि संगणक घेऊन बसतो, खेळ चालू असताना तो खाली कोचच्या कानात सांगतो की डावीकडे जागा पडलीय, अमकीला बदला. मोठ्या संघांत सगळीकडे असंच असतं म्हणे. अर्धा तास घातलं. नुसती खरखर. दुसरं दिलं, तेही तसलंच. काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, मला डोळे आहेत.

धर्मेंद्र सर भोपाळकडचे, बोलणं साखरेसारखं. म्हणाले, निंबाजी, खेळ आता बदललाय. मी म्हटलं, गोल अजून तिथेच आहे.

माझ्या पोरींना मी हातानं सांगतो. खात्यात एकशेवीस लूम एकदम धडधडतात, तिथे बोलून काय होणार? दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. डोक्यावर मूठ फिरवली की मास्तरला बोलवा. दोन्ही हात एकमेकांभोवती गुंडाळले की ताण्याच्या धाग्याचा बीम संपला, बदला. मास्तर दुसऱ्या टोकाला असेल तर एक कारीगर खूण करतो, पुढचा बघून तीच करतो, आणि निरोप हातोहात अख्खी ओळ पार करून पोचतो. त्याच खुणा मी मैदानावर आणल्या. मूठ म्हणजे सगळ्या पुढे. गुंडाळलेले हात म्हणजे बाजू बदला. पोरींना मी पहिल्या दिवसापासून बजावलंय, आवाजावर जाऊ नका, हातावर जा.

शिवाय खात्यातला माणूस ओठ वाचतो. शेठ लांबून शिवी घालतो तीही आम्हाला शब्दाशब्दानं कळते.

१८ डिसेंबर

धुकं. पहाटे साडेपाचला टर्फवर. एक गोष्ट लक्षात आली, यंदा पाखरं कमी झाली. पूर्वी या वेळेला नुसता कलकलाट असायचा. शहर वाढलं की असंच होणार.

माझ्या तिघींना शिस्त चांगली आहे. बोलायचं तर समोर येऊन बोलतात, मागून नाही. वैशाली तर आधी कोपराला हात लावते आणि मग बोलते. बाकीच्या मुली पाठीमागून काहीतरी पुटपुटतात आणि वर म्हणतात, सर, सांगितलं होतं ना. आजकालच्या पोरींना तोंड उघडून बोलायला काय होतं कळत नाही.

वैशालीचा घसा पुन्हा बसलाय. थंडीत बर्फाचा गोळा खात असणार, दुसरं काय. चांगलं झापलं. ऐकून घेतलं तिनं, उलट बोलली नाही.

२८ डिसेंबर

बायको, जयश्री, साड्यांचं स्टोनचं काम पोचवायला गेली होती. मी घरात, कुकर गॅसवर. डाळ जळून कोळसा. शिट्टीच खराब झालीय त्याची, वाजेल तर शपथ. जयश्रीनं कुकर घासला, शिट्टी काढून बघितली, परत लावली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, नवीन शिट्टी आणू. 

१४ जानेवारी

उत्तरायण, पतंगांचा दिवस. शिबिराला सुट्टी. दिवसभर गच्चीवर होतो, मानेचे बारा वाजले. शेजारच्या तिन्ही गच्च्यांवर माणसाएवढे स्पीकर, पण यंदा पोरांनी आवाज बेताचा ठेवला. कौतुक वाटलं, तसं जयश्रीला म्हणालोही. तिनं कानात कापूस घातला होता. का, ते विचारायचं राहून गेलं.

१९ जानेवारी

वडोदऱ्याच्या मुलींशी सराव सामना. पंचानं शिट्टी न वाजवताच खेळ थांबवला, मी बाजूरेषेवरून हात करत पोरींना पुढे काढतोय आणि समोरच्या मुली पुतळ्यासारख्या उभ्या. पंचाला विचारलं तर मलाच ताकिदीचं हिरवं कार्ड. कोचला कार्ड! मी त्याला सांगितलं की शिट्टीत फुंकर घालायची ताकद नसेल तर घरी बस.

धर्मेंद्र सरांनी नंतर बाजूला घेतलं. सगळ्या कोचची वैद्यकीय तपासणी झाली, तुमचीच राहिलीय, कान, डोळे, रक्तदाब सगळं असतं त्यात. मी म्हटलं, तीस वर्षं बारा-बारा तास उभं राहून काढलीत, मला तपासायला तुमचा डॉक्टर अजून जन्माला यायचाय. हसले. पण तारीख देऊन गेले, दोन फेब्रुवारी.

२३ जानेवारी

आज वाईट झालं.

पेनल्टी कॉर्नरचा सराव. मी वर्तुळाच्या टोकाला, गोलकडे पाठ करून, प्रियाला पाय कुठे ठेवायचा ते दाखवत होतो. दाखवून झालं. हात वर केला, खाली केला. चेंडू आत आला, अडवला, प्रियानं उचलून मारला. मी वळलो तर पल्लवी गोलमध्ये गुडघ्यांवर, मुखवटा हातात आणि चेहराभर रक्त. पट्टा सैल झाला म्हणून तिनं मुखवटा काढला होता.

भुवईवर चार टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असता तर डोळा गेला असता.

प्रियाचं चुकलं नाही. तिनं माझा हात पाहिला आणि मारलं, मी शिकवलं तसं. पण वैशाली गोलच्या खांबाला उभी होती, पल्लवीपासून हातभर. तिला मुखवटा दिसला नसेल? एक हाक मारता आली नाही?

२४ जानेवारी

चौकशी झाली. धर्मेंद्र सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कोणी थांबवलं का नाही. प्रिया पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. वैशाली पुढे आली आणि म्हणाली, "मी पाहिलं होतं. ओरडले नाही. माझी चूक."

कॅप्टनपद गेलं. पंधरा दिवस मुख्य संघाबाहेर. निवडीच्या सामन्यात खेळवायचं की नाही ते नंतर ठरवणार. धर्मेंद्र सरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, मीही तेच केलं असतं.

२७ जानेवारी

वैशालीशी तीन दिवस बोललो नाही. नऊ वर्षांची होती तेव्हापासून शिकवतोय तिला. बाप नवागामलाच लूमवर, आई इमारतींवर, खेळायला पाठवत नव्हते, मी घरी जाऊन भांडून आणली. आज ती कोपराला हात लावून काहीतरी सांगायला आली, मी हात झटकला. मैत्रिणीच्या तोंडावर चेंडू येताना जिची जीभ हलत नाही, तिनं कोणाला काय सांगावं?

 

२९ जानेवारी

वैशालीविरुद्ध लेखी द्यायचं ठरवलं होतं. धर्मेंद्र सर म्हणाले, लिहिण्याआधी एकदा चित्रीकरण बघून घ्या. मचाणावर किसनजवळ बसलो. या कॅमेऱ्यात आवाज येत नाही, तो म्हणाला, पण बाकी सगळं दिसतं. गोलचा भाग मोठा करून दाखवला.

पल्लवी मुखवट्याशी झटतेय. वैशालीचा हात वर. तोंड उघडं. मी ओठ वाचले. "सर, थांबा." पुन्हा, "सर, थांबा." मानेच्या शिरा ताणलेल्या. पल्लवीचंही तोंड उघडं. तिसऱ्यांदा वैशाली नुसतं "सर" म्हणाली आणि खांब सोडून माझ्याकडे धावत सुटली. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात माझी पाठ. हात वर. हात खाली.

सहा वेळा बघितलं. किसननं विचारलं, काही सापडलं का. मी नाही म्हणालो. आज मी खोटं बोललो, ते इथे लिहून ठेवतो.

३० जानेवारी

जयश्रीला विचारलं. ती साडीवर स्टोन टाचत होती, सुई खाली ठेवली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्हले ऐकू येत नही. तीन वरीस व्हयनात, मी सांगी राहिनू." मी म्हटलं, कधी सांगितलंस? ती हसायला लागली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.

संध्याकाळी पल्लवीच्या घरी गेलो. तिची आई प्रमिलाबाई लूमवर कांड्या भरते, माझ्याच जुन्या खात्यात होती. मला वाटलं दारातच उभा करून शिव्या देईल, द्यायलाच हव्या होत्या. तिनं चहा केला. मग माझ्यासमोर बसून, खात्यातल्यासारखं ओठ नीट हलवून बोलली. "सगळ्या मैदानाला माहीत होतं सर, तुम्हाला सोडून. पोरी रोज ठरवायच्या, आज सरांजवळ कोण उभं राहणार. पाळी लावलेली त्यांनी. ज्या दिवशी टाके पडले त्या दिवशी पाळी वैशालीची होती."

का सांगितलं नाही, विचारलं. प्रमिलाबाई म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्हाला काढलं असतं.

पल्लवी आतून आली, पट्टी बांधलेली, आणि माझ्या पाया पडायला वाकली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. हे टॅबमध्ये भरता येत नाही.

३१ जानेवारी

सकाळी सातला धर्मेंद्र सरांच्या खोलीत. बसा म्हणाले, बसलो नाही. सांगितलं की मी बहिरा आहे. वैशाली तीनदा ओरडली, चित्रात तिचे ओठ आहेत, हव्या त्या माणसाकडून वाचून घ्या. ती माझ्यासाठी खोटं बोलली. तिचं कॅप्टनपद आज परत द्या, आणि ते सगळ्यांसमोर, जसं काढलं तसं.

त्यांनी टॅब बाजूला सारला. मग म्हणाले, तपासणी टाळलीत ती यासाठीच का? मी खरं सांगितलं, मला माहीतच नव्हतं. त्यांना पटलं का कोण जाणे. मला तरी कुठे पूर्ण पटतंय.

वैशालीबद्दलचं सगळं मान्य. मला मात्र सूट नाही. डॉक्टरचा दाखला येईपर्यंत टर्फवर पाऊल ठेवायचं नाही, बेंचवर बसायचं नाही. मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे, निंबाजी. बरोबर बोलले, ते मी कबूल केलं. पण दारातून वळून विचारलं, कुंपणाच्या बाहेर उभं राहायला कोणाचा दाखला लागतो? ते टेबलाकडे बघत म्हणाले, कुंपणाच्या बाहेर रस्ता आहे, रस्ता माझा नाही.

बाहेर वैशाली उभी होती. तिला म्हटलं, माझी चूक झाली, मोठी. आणि पुन्हा कधी माझ्यासाठी खोटं बोललीस तर स्टिक मोडून टाकीन. ती रडायला लागली, मग मीही. दोघांनी मिळून सगळी शिस्त धुळीला मिळवली.

५ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी बसलो आणि बसूनच राहिलो. बाहेर जयश्री काचेतून बघत होती, तिच्या तोंडावरून कळलं की आवाज केव्हाचे सुरू झालेत. उजवा जवळजवळ गेला, डाव्यात थोडं आहे. लूमचं काम, डॉक्टर म्हणाली, या भागात निम्मे लोक असेच येतात, आणि तेही उशिरा. यंत्र बसेल, पण मापाचं यायला तीन आठवडे.

म्हणजे सामन्याच्या नंतर. ठीक आहे. हात आहेत.

१५ फेब्रुवारी

सगळं लिहितो.

राजकोटच्या क्लबशी सामना. कुंपणाशी सकाळपासून उभा होतो. रखवालदारानं दोनदा हटकलं, मी दोनदा रस्ता दाखवला. पहिल्या अर्ध्यात पोरी माझ्या बाजूच्या गोलकडे चढत होत्या, सगळ्या खुणा त्यांना दिसत होत्या. वैशालीनं अख्खी मधली फळी बांधून ठेवली. प्रियानं कॉर्नरवर एक घातला. मध्यांतराला एक-एक.

मग बाजू बदलल्या. चढाई आता पलीकडच्या गोलवर. एवढ्या लांबून माझे हात कोणाला दिसणार? कुंपणाच्या कडेनं पलीकडे जायला निघालो तर तिकडे फाटक बंद. राजकोटनं दुसरा घातला. त्यांची डावी बाजू, म्हणजे आमच्या उजवीकडची, उघडी पडलेली मला ढळढळीत दिसत होती आणि आमच्या मुली डावीकडेच डोकं आपटत होत्या. बाजू बदला, बाजू बदला, मी हात गुंडाळत होतो खुळ्यासारखा.

समोरच्या पायऱ्यांवर माझ्या जुन्या खात्यातले पंधरा-वीस जण बसले होते. पाळी बदलायचा दिवस, म्हणून दुपारी मोकळे. उखा माझ्या सगळ्यात जवळच्या टोकाला होता. वीस वर्षं तो माझ्या शेजारच्या लूमवर होता. त्यानं मला पाहिलं. काही विचारलं नाही, उठून उभा राहिला आणि दोन्ही हात गुंडाळले. त्याच्या शेजारच्यानं बघितलं आणि तसंच केलं. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. मास्तरला निरोप जातो तसा तो ओळीनं गेला, थेट पलीकडच्या गोलपर्यंत. तिथे शेवटी प्रमिलाबाई उभी होती, पदर खोचून.

वैशालीनं मान वर केली. एवढंच पाहिलं मी. पुढच्या क्षणाला चेंडू डावीकडून उजवीकडे, मोकळ्या जागेत, आणि कॉर्नर मिळाला. त्यावर प्रियानं दुसरा घातला. दोन-दोन.

शेवटच्या दहा मिनिटांत आणखी चार निरोप पाठवले. पंच पायऱ्यांकडे बघत होता, पण लोकांनी हात हलवू नयेत असा नियम कुठल्या पुस्तकात आहे? धर्मेंद्र सर बेंचवरून माझ्याकडे वळले, मग पायऱ्यांकडे बघितलं, मग कानातलं यंत्र काढून गुडघ्यावर ठेवलं. जिंकलो नाही, हरलोही नाही. पल्लवी शेवटच्या अर्ध्या तासात आली आणि दोन अडवले. चेंडू आला तेव्हा तिचं डोकं मागे जात होतं. पूर्वी जात नव्हतं.

१७ फेब्रुवारी

यादी लागली. वैशाली, कॅप्टन म्हणून. प्रिया. पल्लवी नाही.

टाके पडल्यावर पल्लवीचे पंधरा दिवस सरावाविना गेले ते माझ्यामुळे, आणि डोकं मागे जातं तेही माझ्यामुळे. तिला स्पष्ट सांगितलं. उद्या पहाटे साडेपाचला नवागामच्या मैदानावर ये, पुढच्या यादीत तुझं नाव मी बसून वाचणार आहे. तिनं विचारलं, मुखवटा आणू ना सर? मी म्हटलं, पट्टा दोनदा तपासून.

माझा करार संपला. टॅब परत केला. धर्मेंद्र सर म्हणाले, यंत्र बसलं की दाखला घेऊन या, बघू. बघू म्हणजे बघू. मी येणारच आहे.

२ मार्च

काल यंत्र बसलं. काय हा गोंगाट! पंखा कुरकुरतो, जयश्रीच्या बांगड्या वाजतात, कुकरची शिट्टी म्हणजे अंगावर येते, आणि ती शिट्टी मी बदलायला सांगत होतो. जयश्री म्हणते, तुम्ही केवढ्यानं बोलता ते आता तुम्हालाच कळेल.

आज पहाटे मैदानावर गेलो आणि फाटकातच थांबलो. पाखरं होती. नुसता कलकलाट. कुठे गेली नव्हती ती.

पल्लवीला गोलमध्ये उभं करून चेंडू टाकत होतो, फाटकाकडे पाठ. डोकं मागे जाऊ द्यायचं नाही, एकेक चेंडू, हळू. तेवढ्यात मागे कोणीतरी म्हणालं, "निघते मी, सर."

हाक नव्हती ती. कोणी ऐकेल या आशेनं म्हटलेलं नव्हतं. माणूस देवळाच्या दारातून निघताना पुटपुटतो तसं.

मी वळलो. वैशाली होती, खांद्यावर बॅग, हातात स्टिक, आज संघाच्या पहिल्या शिबिराला निघालेली. मी वळलो हे पाहून ती जागच्या जागी थांबली. किती वर्षं असं मागे उभं राहून ती काय काय म्हणाली असेल, मला कधी कळणार नाही.

जवळ आली. सवयीनं कोपराला हात लावायला गेली, मग मागे घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेच जुनं, शिरा ताणून. मी हात वर करून थांबवलं.

म्हटलं, "ओरडायचं नाही आता. घसा सांभाळ."